कांबळे मिस्त्रींचा डावा पंख

कांबळे मिस्त्रींनी माझी पहिली चूक काढली ती माझ्याच वर्गाच्या दारात उभं राहून. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी लाकडी कप्प्या हव्या होत्या आणि उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीतले पॅटर्नमेकर असली कामं फावल्या वेळात उत्तम करतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करतात आणि तो वाळूत दाबून साचा तयार करतात. तो नमुना करणारा तो पॅटर्नमेकर. आमच्याकडे त्याला नुसतं मिस्त्री म्हणतात. मिस्त्री कप्प्यांची पिशवी घेऊन आले तेव्हा मी फळ्यावर विमानाचा पंख काढला होता. वरून फुगीर, खालून सपाट. वरची हवा पळते, खालची रेंगाळते, म्हणून विमान उचललं जातं. दहा वर्षं मी हेच शिकवत होते आणि दहा वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं हूं की चूं केलं नव्हतं.

तास संपला. मिस्त्रींनी कप्प्या टेबलावर एका ओळीत मांडल्या, फळ्याकडे मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, एक इचारू? राग न्हाई न्हवं यायचा?"

"विचारा की."

"हे असं असंल, तर माझं इमान उलटं कसं उडतंय?"

माझी चेष्टा चालली आहे असं मला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. "रविवारी सकाळी मोरेवाडीच्या माळावर या," ते म्हणाले, "बघा, आणि मग काय पुसायचं ते पुसा."

मी गेले. जायचं काही कारण नव्हतं, पण मला राग आला होता आणि राग आला की मी कुठंही जाते. माळावर मिस्त्री आणि त्यांची बायको शालनवहिनी, दोघंच. विमान होतं साधारण दोन हात लांबीचं, बाल्सा नावाच्या कापसासारख्या हलक्या लाकडाचं, नाकावर सुपारीएवढं वाटावं असं इंजिन. पंखाच्या डाव्या टोकातून दोन बारीक पोलादी तारा निघून वीसेक मीटरवर मिस्त्रींच्या हातातल्या मुठीला जोडलेल्या. विमान त्यांच्याभोवती गोल फिरणार, आणि मूठ वरखाली कलवली की विमान वरखाली जाणार. वहिनींनी पदर खोचला, इंजिन सुरू झाल्यावर विमान मागून घट्ट धरलं आणि मिस्त्रींनी हात वर करताच सोडलं. तिसऱ्या फेरीला ते उलटं झालं. पाठ जमिनीकडे, चाकं आभाळाकडे, कमरेएवढ्या उंचीवरून चार फेऱ्या उलट्याच. मग त्यांनी वर्तुळं काढली, चौकोन काढले, आडवा आठ काढला आणि शेवटी थेट स्वतःच्या डोक्यावर उभा आठ काढला. मी मान वर करकरून बघत राहिले आणि मानेला कळ आली.

घरी येऊन दोन दिवस पुस्तकं उपसली. माझं चित्र खोटं नव्हतं, अर्धवट होतं. पंख हवेला किती कलून भिडतो हा मोठा भाग मी शिकवतच नव्हते. पुढच्या तासाला ते वर्गात कबूल केलं. मिस्त्रींना सांगितलं तर त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. "तुमचा कागद बरोबरच असतोय," ते म्हणाले, "पर कागदावर वारा नसतोय."

माझ्या सगळ्या शास्त्राला त्यांचा एकच शब्द होता, कागद. त्यात तुच्छता नव्हती. कागद म्हणजे एक दूरचा, बरा नातेवाईक, लग्नाकार्याला बोलवावा असा.

मिस्त्री बुटके, रुंद खांद्याचे, मनगटं माझ्या दुप्पट. कानावर पेन्सिल कायम, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. लाकूड हातात आलं की आधी वास घ्यायचे आणि मग बोटांच्या पेरांनी ठोकून बघायचे. त्यांच्या विमानांना नावं नव्हती, नुसते नंबर. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी माळावर जाऊ लागले तेव्हा सात नंबर उडत होतं. विमान नुसतं बांधून भागत नाही. ते तारेवर ताठ राहावं, कुठं झुकू नये, डोक्यावर गेलं तरी तारा ढिल्या पडू नयेत, म्हणून त्याला मापात आणावं लागतं. बाहेरच्या पंखाच्या टोकात शिशाचा किती तुकडा ठेवायचा, तारा पंखातून किती मागून बाहेर काढायच्या, नाक किती जड. ह्यात मिस्त्रींचा एक नियम होता, आणि तो मोडणाऱ्याला ते माळावर उभं करत नसत: एका उड्डाणाला एकच बदल. बदल केला की तो ओल्या पेन्सिलीनं पंखाच्याच खालच्या अंगावर लिहायचा. त्यासाठी पंखाचं ते अंग ते रंगवतच नसत. 'शिसं थोडं कमी.' 'तारा दोन सूत मागं.' 'कायच फरक न्हाई.' सात नंबरचं पोट अशा अक्षरांनी भरलं होतं.

एकदा जयसिंगपूरचे एक व्यापारी गाडीतून आयतं परदेशी विमान घेऊन आले. ते सारखं आत, उडवणाऱ्याकडे, झुकायचं. मिस्त्रींनी ते हातात तोलून सांगितलं, "पावणं, आज फकस्त शिसं वाढवा. बाकी कशाला हात लावू नका." पाहुण्यांना घाई. त्यांनी शिसं वाढवलं, तारा मागे नेल्या, शेपटी कलवली आणि नाकावरचा फिरता पंखाही बदलला. विमान आधी झुकत होतं, आता लोळायला लागलं. ते पुन्हा मिस्त्रींकडे आले तेव्हा मिस्त्री चहा पीत होते. "आता चारातलं कुठलं नडलं," ते म्हणाले, "ते इमानालाच इचारा."

चहाचाही नियमच होता. उड्डाण झालं की वहिनींच्या थर्मासमधला चहा पिऊन होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. माझ्यासारख्या बाईला ते फार जड जायचं. मी विचारायचे, "कसं वाटलं?" आणि मिस्त्री बशीतला चहा फुंकत राहायचे. "मुठीत जे कळालं ते आधी बसू द्या," असं एकदा त्यांनी सांगितलं, तेवढंच. 'मुठीत कळतंय' हे त्यांचं पालुपद. मी गणित करून दाखवलं होतं की ते विमान तारांना साधारण चार किलोनं ओढतं. त्यांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला होता.

मग एका वर्षात दोन गोष्टी झाल्या. फाउंड्रीनं पॅटर्नचा विभाग बंद केला. नमुने आता कॉम्प्युटरवर आखून मशीनवर कापून यायला लागले. साहेबांनी मिस्त्रींना बोलावून सांगितलं, "मिस्त्री, मशीन केसाचाही फरक ठेवत नाही. हाताचं काम आता संपलं." तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना पन्नाशीतच घरी बसवलं. आणि त्यानंतर दोन महिन्यांत सात नंबरची एक तार मुठीजवळ तुटली. विमान सरळ खडकाला लागलं. उजवा पंख आणि धड यांचा भुगा झाला, डावा पंख तेवढा आश्चर्य वाटावं असा धड राहिला. तो त्यांनी सिद्धार्थनगरातल्या त्यांच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी खिळ्यावर टांगला.

पुढच्याच आठवड्यात पुण्याजवळ होणाऱ्या तारेच्या विमानांच्या एका स्पर्धेला नाव नोंदवून आले. विमान नसताना. मी म्हटलं, "अहो, आठ नंबर बांधायचंय अजून."

"बांधणार की. सात बांधलं तसंच आठ. सेम टू सेम." आणि म्हणाले, "हाताचं काम संपलं म्हणं. संपलंय का न्हाई, हे मला बघाय पायजे. साहेबासाठी न्हवं. मला."

त्या क्षणापासून ती स्पर्धा माझीही झाली.

आठ नंबर तीन महिन्यांत तयार झालं. तेच लाकूड, तेच इंजिन, तीच मापं. दिसायला सातपेक्षा देखणं. आणि उडायला वाईट. सरळ फेऱ्यांत ठीक, पण डोक्यावर नेलं की तारा ढिल्या. तारा ढिल्या पडल्या की विमान उडवणाऱ्याचं राहत नाही, ते आपल्या मनानं खाली येतं. मिस्त्री मागे पळत पळत तार ताठ करायचे आणि कसंबसं वाचवायचे. शिसं वाढवलं तर तारा ताठ, पण चौकोनाच्या कोपऱ्यात बाहेरचा पंख लोळायचा. कमी केलं की पुन्हा डोक्यावर ढिल्या. एका उड्डाणाला एक बदल, एक चहा, पंखावर एक ओळ. स्पर्धेला सहा आठवडे होते, मग पाच, मग चार.

मी कागद काढला. तारेची जाडी, वाऱ्यानं तिला येणारा बाक, विमानाचा वेग, वजन, सगळं मांडून तारा पंखातून नेमक्या कुठून बाहेर काढाव्यात ते काढलं. मिस्त्रींनी माझ्या शब्दाला मान देऊन अगदी तसंच केलं. फरक पडला, पण पुरता नाही. मी पुन्हा मांडलं. पुन्हा थोडा फरक. तिसऱ्यांदा मी नवा आकडा घेऊन गेले तेव्हा ते चिडले. "मॅडम, सातला ह्यातलं कायच लागलं न्हवतं. तुमचा कागद आठचा आजार सांगतोय, पर आठ आजारी का पडलं ते न्हाई सांगत."

"मग तुमच्या मुठीला विचारा," मी म्हटलं.

"मूठ म्हंतीया, इमान आत पडतंय. का, ते तिला बी कळंना."

दोघंही तोंड फिरवून बसलो. वहिनी शांतपणे विमानाला खोळी घालत होत्या. सात नंबरसाठी त्यांनी जुन्या साडीच्या दोन खोळी शिवल्या होत्या, एकेका पंखाला एकेक, धूळ बसू नये म्हणून. त्याच आता आठला.

स्पर्धेला अठरा दिवस उरले असताना मी त्यांच्या घरी गेले होते. मिस्त्री आतल्या खोलीत इंजिन साफ करत होते. वहिनी डाव्या पंखाची खोळ ओढून टोकाला गाठ मारत होत्या. मी सहज म्हटलं, "वहिनी, गाठ कशाला? शिवलेली आहे की."

"ढिली पडतीया न्हवं. सातला कशी गच्च बसायची. उजवी बरोबर बसतीया, हीच तेवढी बोटभर लोंबतीया."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासनं."

"अहो, मग बोलला का नाही?"

"मला कुणी इचारलं?" वहिनी म्हणाल्या. "तुमचं दोघांचं चाल्लंय, कागद न् मूठ, मूठ न् कागद. मधी खोळीचं कोण ऐकतंय."

मी उठले, खिळ्यावरचा सात नंबरचा डावा पंख काढला आणि आठच्या डाव्या पंखाशेजारी ठेवला. जुना पंख सव्वा ते दीड सेंटिमीटरनं लांब होता. मिस्त्रींना हाक मारली. ते हात पुसत आले, बघितलं, खाली बसले आणि दोन्ही पंखांवरून पेरं फिरवली. "माप तर सत्तरचंच घेतलं हुतं," ते म्हणाले. मग एकदम थांबले. ट्रंक उघडली आणि तळातून कापडात गुंडाळलेली एक पोलादी पट्टी काढली. ती जुन्या पंखाला लावली. बरोबर सत्तर.

ती संकोच पट्टी होती. ओतलेलं पोलाद थंड होताना आकसतं, शेकडा दोन, म्हणून त्याचा नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच शेकडा दोननं लांब असते. तिच्यावर सत्तर दिसतात तेव्हा खरे एकाहत्तर पूर्णांक चार असतात. सात नंबरचा डावा पंख मिस्त्रींनी फाउंड्रीत जेवणाच्या सुटीत केला होता, तिथं हाताशी हीच पट्टी. उजवा घरी केला, साध्या पट्टीनं. जोडताना मधोमध काटकोनाचा गुण्या लावला, टोकं मोजली नाहीत. आणि आठ नंबर अख्खंच घरी झालं, कारण जायला फाउंड्री उरली नव्हती.

मला कागद आठवला आणि कानशिलं तापली. गोल फिरताना आतला, म्हणजे डावा, पंख छोट्या वर्तुळात फिरतो, म्हणून हळू, म्हणून हवा त्याला कमी उचलते. बाहेरचा जास्त उचलला जातो आणि विमान आत पडतं. आतला पंख थोडा लांब हवा, हे मी पाच ओळींत काढू शकले असते. पण माझ्या प्रत्येक कागदाची पहिली ओळ होती, 'दोन्ही पंख समान धरू.' धरले होते. मोजले नव्हते. मोजपट्टी पर्समध्ये असताना.

मिस्त्रींनी पट्टी मांडीवर घेतली. "म्हंजे सात मी न्हाई बनवलं," ते म्हणाले. "पट्टीनं बनवलं." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. मी घाईनं म्हटलं, "सोपं आहे मिस्त्री. टोकाला तेवढाच तुकडा चिकटवा, एक पूर्णांक चार. आजच्या आज विमान सरळ होईल."

त्यांनी मान हलवली. "न्हाई. आधी चुकून लांब झाल्ता. आता बघून तेवढाच लांब केला, तर ती चुकीचीच नक्कल की. किती पायजे ते मला कळाय पायजे."

"अठरा दिवस आहेत."

"अठरा दिस लई हाईत."

वहिनींनी चहा आणला आणि नियम पाळला गेला.

मग जे झालं तसं चिवट काम मी पुन्हा पाहिलं नाही. आधी त्यांनी केलेले सगळे बदल एकेक करून मागे घेतले, विमान पहिल्या दिवसासारखं केलं. मग डाव्या टोकाला बाल्साची पातळ पट्टी चिकटवायची, तासायची, उडवायची, चहा, एक ओळ. पुन्हा पट्टी. दुपारी माळावर जोतिबाच्या डोंगराकडून वारा सुटायचा, म्हणून पहाट फुटल्यावर सुरुवात. माप साध्या पट्टीनं, आणि दर वेळी ते माझ्याकडून तपासून घ्यायचे. मी माझा कागद नव्यानं केला, तो म्हणाला दोन सेंटिमीटर. मिस्त्रींनी दोनही करून बघितले. "जास्त झालं," ते म्हणाले, "सरळ फेरीत मूठ गप ऱ्हाईना." परत तासलं. शेवटी ते एक पूर्णांक सहावर थांबले. ना माझ्या कागदाचं, ना जुन्या पट्टीचं. त्या सकाळी विमान डोक्यावर गेलं आणि तारा वीणेसारख्या ताठ राहिल्या. आठवर लिहिलं गेलं, 'हेच.'

स्पर्धेच्या ठिकाणी उड्डाणाआधी तपासणी होती. हातात फळी आणि कागद घेतलेला एक तरुण इंजिनियर परीक्षक विमानांची मापं घेत होता. आठ नंबरला टेप लावून तो थबकला. "काका, डावा पंख लांब भरतोय. कापताना चूक झालीय का?"

मी तोंड उघडणार होते. वहिनींनी माझा हात दाबला.

"न्हाई साहेब," मिस्त्री म्हणाले. "चुकून झाल्ता तो सात नंबर. ह्यो मोजून केलाय."

मग ते मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. वहिनींनी विमान सोडलं. उलट्या फेऱ्या झाल्या, चौकोन झाले, कोपऱ्यात पंख लोळला नाही. डोक्यावरचा आठ आला तेव्हा मी विमानाकडे बघितलंच नाही, मिस्त्रींच्या पायांकडे बघत राहिले. ढिल्या तारेमागे पळायचे ते पाय. ते जागचे हलले नाहीत. वहिनींच्या ओठांवर पदराचं टोक होतं. विमान उतरलं, आणि मिस्त्री येऊन आधी थर्मासजवळ बसले. पाचवा नंबर आला. पहिल्या चौघांची विमानं परदेशी होती. चहा संपल्यावर मिस्त्रींनी आपल्या उजव्या तळव्याकडे बघितलं, तो दोनदा मिटला, उघडला आणि म्हणाले, "संपलं न्हाई."

त्यानंतर काही वर्षांनी मी निवृत्त झाले आणि बहिणीकडे राहायला नाशिकला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या रविवारी निरोप घ्यायला माळावर गेले. मिस्त्रींचे केस पिकले होते, पेन्सिल कानावरच होती. आठ नंबर अजून उडत होतं, पोटावर लिहायला जागा जेमतेम. दोन उड्डाणं झाली. तिसऱ्याला त्यांनी मूठ माझ्यासमोर धरली.

"या. धरा."

"मी? वेड लागलंय का? पाडेन मी."

"न्हाई पडत. मोजून केलंय. मी वर चढवून देतो, मग नुसता हात ताठ ठेवा, काय करू नका. तुमच्यानं काय न करणं तेवढं जमवा."

वहिनी पलीकडून हसल्या. विमान वर गेलं, सरळ फेरीत आलं आणि मिस्त्रींनी मूठ माझ्या हातात दिली, ती मी दोन्ही हातांनी धरली. स्वतः मागे उभं राहून माझ्याबरोबर गोल फिरत राहिले, मूठ हेलकावली तर धरता यावी म्हणून हात जवळ ठेवून. पहिल्या फेरीत मला काहीच कळलं नाही, नुसती चक्कर. दुसऱ्या फेरीत हात शांत झाले, आणि विमान मला ओढू लागलं. एकसारखं, न थांबता. अंगणातलं वासरू दाव्याला ओढतं तसं. इतकी वर्षं मी ज्याचं गणित केलं ते माझ्या खांद्यापर्यंत येऊन पोचलं होतं. माझे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"किती किलो?" मागून मिस्त्रींनी विचारलं.

उत्तर मला पाठ होतं. "ओढतंय," मी म्हणाले.

इंधन संपत आलं तसं त्यांनी मूठ परत घेतली आणि विमान अलगद उतरवलं. चहा झाला. रिक्षा माळाच्या कडेला थांबली होती. मी बसले आणि ती निघाली तसं मागे वळून बघितलं. मिस्त्री जमिनीवर बसून विमान मांडीवर उलटं घेऊन पेन्सिल ओली करत होते, डाव्या पंखावर जागा शोधत. मी रिक्षा थांबवली, उतरले आणि परत जाऊन वाचलं. टोकाच्या चिकटवलेल्या पट्ट्यांवर, उरलेल्या तेवढ्या जागेत, त्यांनी लिहिलं होतं, 'मॅडमनी उडवलं. बदल काय न्हाई.'